बालकाचा स्वीकार

शास्त्रपाठ : मार्क ९:३३-३७, मार्क १०:१३-१६, २ करिंथ ८:१-१५
मुखपाठ : मार्क ९:३७
पाठाचा उद्देश : गरीब मुलांना काही देणे आणि त्यांचा स्वीकार करणे यांतील भेद ओळखणे, व तो आपल्या मंडळीच्या सेवेत आचरणात आणणे.



२०२३ च्या मे महिन्यात आम्ही उभयतां व आमची दोन मुले असे चौघेजण केनिया देशातील नैरोबी शहरी पंधरा दिवस राहून आलो. आमचे मेहुणे तेथे नोकरीस आहेत. ते ज्या मंडळीत उपासनेला जातात, ती मंडळी किबेरा नावाच्या वस्तीतील गरीब मुलांच्या दोन शाळांना साहाय्य करते. सुटीचे दिवस नुसते पाहुणचारात घालवण्यापेक्षा त्या शाळांना भेटी द्याव्यात व हातून होईल ती सेवा करावी, असे ठरवून आम्ही गेलो होतो.

परत बडोद्यास आल्यावर पाळकसाहेबांनी आम्हांला शब्बाथशाळेत चार शब्द सांगण्यास बोलावले. पुढच्या बाकावरील एका लहान मुलाने लगेच विचारले, "तुम्ही त्यांना काय दिलं?"

प्रश्न अगदी सरळ होता, तरी उत्तर देताना आम्ही अडखळलो. आम्ही काय दिले हे सांगण्याची आम्हांला लाज वाटत होती. तेथे आम्हांला काय मिळाले हे सांगावे, तर ते त्या मुलाने विचारले नव्हते. या दोहोंचा विचार करता करता हा पाठ तयार झाला. त्यात आमच्या चुकाही आहेत. त्या लपवून ठेवल्या तर पाठाचा उपयोग उरणार नाही.

१. प्रभूने मुलाला कोठे उभे केले?

कफर्णहूमच्या वाटेवर शिष्यांचा वाद झाला होता. विषय नेहमीचाच : आपल्यात मोठा कोण? घरी आल्यावर प्रभूने विचारले तेव्हा सगळे गप्प बसले. मग प्रभूने एका लहान मुलाला घेऊन त्यांच्या मध्यभागी उभे केले, त्याला कवेत घेतले, आणि सांगितले की, जो अशा एका बालकाला माझ्या नावाने स्वीकारतो तो मला स्वीकारतो, आणि मला पाठवणाऱ्यालाही स्वीकारतो.

त्या काळी मुलाला समाजात काही मान नव्हता. त्याचे मत कोणी विचारीत नसे व त्याच्या येण्याने कोणी उठून उभे राहत नसे. अशा मुलाला प्रभूने मंडळाच्या मधोमध जागा दिली. त्याला काही द्या, एवढेच प्रभूने सांगितले नाही. त्याला स्वीकारा, असे सांगितले. मूळ ग्रीक भाषेतील हा शब्द दारी आलेल्या पाहुण्याला आदराने घरात घेण्यासाठीही वापरतात. भिकाऱ्याला आपण उंबऱ्यावरच काहीतरी देतो. पाहुण्याला आत घेतो, बसवतो, त्याचे ऐकून घेतो.

शिष्यांना हे समजले का? पुढच्याच अध्यायात लोक मुलांना घेऊन प्रभूकडे आले, तेव्हा याच शिष्यांनी त्यांना दटावले. इतक्या थोड्या दिवसांत ते धडा विसरले होते. आम्ही तर हा धडा लहानपणापासून पाठ केला होता, आणि किबेऱ्यात पहिल्याच दिवशी विसरलो.

२. पहिल्या दिवशीची आमची चूक

किबेरा ही नैरोबीच्या नैर्ऋत्येकडील दाट वस्ती आहे. मुळात तेथे रान होते, आणि नुबियन भाषेतील रान या अर्थाच्या शब्दावरूनच तिला हे नाव पडले. इंग्रजांच्या सैन्यातील नुबियन शिपायांना तेथे वसवले गेले. पुढे कामाच्या शोधात शहराकडे आलेल्या माणसांची तेथे दाटी झाली. युगांडा रेल्वेचा जुना मार्ग वस्तीतूनच जातो. मे महिना हा तिकडे पावसाचा. गल्ल्यांत चिखल, उघडी गटारे, पिण्याचे पाणी डब्यांवर विकत घ्यायचे. घरे व शाळाही पन्हळी पत्र्यांच्या. पाऊस जोराचा आला की पत्र्यांवरील आवाजात बाईंचे बोलणे ऐकू येत नाही, मग शिकवणे थांबवून मुले पाऊस संपण्याची वाट पाहत बसतात.

आम्ही शाळेच्या वाटेवर असतानाच लहान मुले इंग्रजीत 'हाऊ आर यू' असे एका सुरात ओरडत मागे आली. आम्हांला मोठा आनंद वाटला. आम्ही बडोद्याहून पन्नास कंपासपेट्या व गोळ्यांची तीन पाकिटे नेली होती. ज्या वर्गात प्रथम गेलो तेथे मुलांनी उभे राहून आमचे स्वागत केले, आणि आम्ही कोणाला काही न विचारता पिशवी उघडून वाटप सुरू केले.

पुढे काय झाले ते शिक्षकांना सांगावयास नको. शेजारच्या वर्गाची मुले दाराशी आली, मग त्या पलीकडचीही. शाळेत दोनशेच्या वर मुले होती. पेट्या संपल्या, गोळ्या संपल्या, ढकलाढकल झाली, दोन लहान मुली पडल्या व रडू लागल्या. त्या गोंधळातही आम्ही फोटो काढत होतो. एका मुलीच्या स्वेटरची बाही कोपरापाशी फाटलेली होती. आमचा कॅमेरा तिच्याकडे वळताच तिने तो हात पाठीमागे घेतला व तोंड भिंतीकडे केले.

मुख्याध्यापिका बाई आल्या. त्यांनी आवाज न चढवता मुलांना वर्गात बसवले, आणि आम्हांला चहा दिला. आम्हांला वाटले, त्या रागावतील. त्या एवढेच म्हणाल्या, "ज्यांचे हात लांब होते त्यांना मिळाले. मागे बसलेल्यांत तीन मुले आज उपाशी आली आहेत. ती उठलीसुद्धा नाहीत."

त्या रात्री आम्हांला योहानाच्या ५ व्या अध्यायातील तो रोगी आठवला. ३८ वर्षे तो आजारी होता. पाणी हालले की ज्याच्या अंगात बळ तो आधी उतरे, आणि याला तळ्यात सोडणारे कोणी नव्हते. आम्ही त्या वर्गात नेमके तेच केले होते. पाणी हालवले, आणि जे धावू शकत होते त्यांनाच ते मिळाले. फाटक्या बाहीच्या मुलीचा फोटो आम्ही त्याच रात्री पुसून टाकला. तिने नको म्हटले होते, आम्ही ते ऐकले नव्हते.

३. तिसऱ्या दिवशी कुदळ

दुसऱ्या दिवशी जाण्याचा आम्हांला संकोच वाटत होता. मेहुणे म्हणाले, "जाऊ नका असं बाई म्हणाल्या नाहीत, तर जायला हवं." गेलो. बाईंनी कंपासपेट्या मुलांकडून परत घेऊन शाळेच्या कपाटात ठेवल्या होत्या. गणिताच्या तासाला एका बाकास एक अशा त्या दिल्या जाणार होत्या. म्हणजे आमचे दान त्यांनी दुरुस्त करून घेतले होते.

त्यांनी आम्हांला स्वाहिली भाषेतील एक म्हण सांगितली. तिचा अर्थ असा की, पाहुणा दोन दिवसांचा, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. आपल्याकडेही तिसऱ्या दिवसाच्या पाहुण्याबद्दल म्हण आहे, पण ती त्याच्या अकलेविषयी आहे, त्यामुळे आम्ही ती बाईंना सांगितली नाही. मात्र त्यांची म्हण आम्हांला आवडली. आम्ही विचारले, "आमची कुदळ कोणती?"

हा प्रश्न आम्ही पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. बाईंनी विचार करून कामे सांगितली. आमच्यापैकी एकाला सुतारकामाची सवय आहे, त्याच्याकडे मोडलेले बाक दिले. थोरल्या मुलाने रोज सकाळी दुसरीच्या मुलांना एकेकाला जवळ बसवून त्यांचे वाचन ऐकायचे, कारण साठ मुलांच्या वर्गात बाईंना प्रत्येकाचे वाचन ऐकणे शक्य होत नव्हते. धाकटीने स्वयंपाकाच्या मावशींबरोबर घेवड्याचे दाणे निवडायचे. राहिलेल्या एकाने वह्यांना कव्हरे घालायची व हजेरीपट उतरून द्यायचा.

यांत फोटो काढण्यासारखे काही नव्हते. तरी धाकटी मुलगी घरी आल्यावर जे बोलली ते लिहून ठेवण्यासारखे आहे. ती म्हणाली, "आज मला कोणी पाहुणी म्हटलं नाही. दाण्यांत खडा राहिला म्हणून मावशी ओरडल्या." तिला त्याचा आनंद झाला होता.

मुलींनी तिला स्वाहिली शिकवली. कितीतरी शब्द आपल्या कानांना ओळखीचे वाटतात. पुस्तकाला 'किताबू', दुकानाला 'दुका', वाहनाला 'गारी', आणि चपाती ती चपातीच. शिक्षकाला 'म्वालिमू' म्हणतात. भारतीय माणसाला 'म्हिंदी' व मक्याला 'माहिंदी'. धाकटीने पहिल्याच दिवशी या दोन शब्दांची अदलाबदल करून "मी मका आहे" असे सांगितले, तेव्हा सगळा वर्ग पोट धरून हसला. त्या दिवशी शिकवणाऱ्या त्या मुली होत्या, आणि चुकणारी आमची मुलगी.

४. शाळा मोफत, पण वाट बिकट

येथे शिक्षकांनी थोडी माहिती ध्यानात ठेवावी, म्हणजे गरिबीचे कारण आळस किंवा अज्ञान आहे असे मुलांना वाटणार नाही.

केनिया १९६३ साली स्वतंत्र झाला. जानेवारी २००३ मध्ये तेथील सरकारने सरकारी प्राथमिक शाळांतील फी रद्द केली. त्या एका वर्षात दहा लाखांहून अधिक नवी मुले शाळेत आली. २००४ साली तर किमानी मारुगे नावाचे ८४ वर्षांचे आजोबा गणवेष घालून पहिलीच्या वर्गात बसले. आपल्याला पवित्र शास्त्र स्वतः वाचता यावे ही त्यांची एक इच्छा होती. २००९ साली ते वारले. त्यांचे नाव तिकडे अजूनही आदराने घेतात.

आम्हां बडोदेकरांना ही गोष्ट अगदी अनोळखी नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. परंतु फी माफ झाली म्हणजे शाळा जवळ येतेच असे नाही, हे तेव्हाही खरे होते व आताही आहे. किबेऱ्यासारख्या वस्तीत मुलांच्या मानाने सरकारी शाळा थोड्या, आणि ज्या आहेत त्या गच्च भरलेल्या. गणवेष, वह्या, दुपारचे जेवण यांचा खर्च उरतोच. म्हणून आईबापांनी, स्थानिक शिक्षकांनी व मंडळ्यांनी वस्तीतच पत्र्यांच्या लहान लहान शाळा उभ्या केल्या. आईबाप मोलमजुरी करून थोडी फी भरतात. ज्या महिन्यात ती जमत नाही त्या महिन्यात शिक्षकांचा पगार अडतो. मुख्याध्यापिका बाई स्वतः त्याच वस्तीत वाढलेल्या आहेत, आणि कितीतरी महिने त्यांनी आपला पगार शेवटी घेतला आहे किंवा घेतलेलाच नाही.

हे पाहिल्यावर आमचा एक गैरसमज गेला. आम्ही समजत होतो की, काही नाही तेथे आपण काही घेऊन चाललो आहोत. तेथे पुष्कळ काही होते. आम्ही पोहोचण्यापूर्वी कितीतरी वर्षे लोक तेथे ओझे ओढत होते. केनियाच्या राजमुद्रेवर 'हरांबे' हा शब्द आहे. सगळ्यांनी मिळून जोर लावून ओढावे, असा त्याचा अर्थ. स्वातंत्र्यानंतर गावोगावच्या लोकांनी वर्गणी काढून, विटा-माती वाहून माध्यमिक शाळा बांधल्या. त्या हरांबे शाळा म्हणूनच ओळखल्या जात.

५. दारिद्र्यातून आलेली उदारता

प्रेषित पौल करिंथकरांना मासेदोनियातील मंडळ्यांविषयी लिहितो. त्या मंडळ्या संकटात व अत्यंत गरिबीत होत्या, तरी यरुशलेमेतील गरजवंतांसाठी देण्यात आपल्यालाही वाटा मिळावा म्हणून त्यांनी स्वतः विनंती केली. पौल त्यांची कीव करीत नाही. सुखवस्तू करिंथकरांना तो त्यांचा कित्ता घालून देतो. गरीब मंडळी येथे श्रीमंत मंडळीची शिक्षक झाली आहे.

याचा अर्थ आम्हांला शाळेच्या जेवणाच्या वेळी कळला. दुपारी मुलांना 'गिथेरी' मिळते. हे मका व घेवडा एकत्र शिजवून केलेले अन्न आहे. पुष्कळ मुलांचे दिवसातील पोटभर जेवण तेवढेच. आम्ही आमचा डबा आणला होता. एके दिवशी पावसामुळे मेहुण्यांची गाडी अडकली व डबा आला नाही. आमचा थोरला मुलगा ज्या दुसरीच्या मुलांचे वाचन ऐकत असे, त्यांतील एक मुलगा आपली ताटली घेऊन त्याच्याजवळ आला. त्याने चमच्याने ताटलीच्या मधोमध रेघ ओढली आणि अर्धा भाग त्याच्याकडे सरकवला.

मुलगा आमच्याकडे पाहू लागला. घ्यावे की नाही? नको म्हणणे सोपे होते, आणि ते आम्हांला दयाळूपणाचे वाटलेही असते. पण नको म्हटले असते तर त्या मुलाचे दान आम्ही दारातूनच परत पाठवले असते. आम्ही मान हलवली. मुलाने ते अर्धे खाल्ले. त्या संध्याकाळी तो फारसा बोलला नाही.

दुसऱ्याकडून घेण्याची ज्याला लाज वाटते, तो देतो तेव्हा स्वतःला उंच ठेवून देतो. आपल्या मंडळीतही हे घडते. गरीब घरी भेटीला गेलो की आपण चहासुद्धा नाकारतो, आणि वर म्हणतो, "उगाच त्रास नको." त्या घराला त्रास कशाचा होतो, याचा विचार करावा.

६. नाशिकची मुले

शेवटचे दोन दिवस आम्ही आगगाडीने मोंबासा येथे गेलो. मुलांना समुद्र पाहायचा होता, आणि आम्हांला एक घंटा पाहायची होती. मोंबासा बेटाच्या उत्तरेस, न्याली पुलापलीकडे, फ्रियरटाऊन नावाची जागा आहे. तेथे एका लहान मनोऱ्यात जुनी घंटा टांगलेली आहे. स्वाहिलीत घंटेला 'केंगेले' म्हणतात, त्यावरून त्या भागाला केंगेलेनी असे नाव पडले. गुलामांचे व्यापारी येत आहेत अशी चाहूल लागली की ही घंटा वाजवीत.

या घंटेचा आपल्या मराठी मुलखाशी संबंध आहे. एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेतून पळवून आणलेली मुले गुलामांच्या गलबतांतून इंग्रजी आरमार सोडवीत असे, व त्यांतील कित्येकांना मुंबईत उतरवीत असे. त्यांपैकी अनेकांना नाशिकजवळ शरणपूर येथे चर्च मिशनरी सोसायटीने चालवलेल्या आश्रमात ठेवले जाई. तेथे ती लिहिण्यावाचण्यास शिकली, सुतारकाम व लोहारकाम शिकली. नाशिकचा शरणपूर रोड आजही आहे, पण त्या नावामागील ही मुले आपण बहुतेक विसरलो आहोत.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन १ मे १८७३ रोजी आफ्रिकेच्या मध्यभागी मरण पावले. त्यांचा देह शेकडो मैल चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत पोहोचवणाऱ्यांत नाशिकचे विद्यार्थी होते. जेकब वेनराइट याने त्यांच्यासाठी अंत्यविधीची प्रार्थना वाचली. त्यांतील मॅथ्यू वेलिंग्टन हा पुढे मोंबासा येथे राहिला व १९३५ साली वारला. ज्यांच्या देखरेखीखाली शरणपूरचे काम चालले ते रेव्ह. प्राइस १८७४ साली मोंबाशास गेले, आणि मुक्त झालेल्या गुलामांसाठी फ्रियरटाऊनची वसाहत उभी राहिली. तिच्या उभारणीला नाशिकहून गेलेली आफ्रिकी माणसे हाताशी होती. विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर हे नाशिकचे विद्यार्थी तर त्याआधीच, १८६४ सालापासून, जवळच्या रबाई येथे काम करीत होते. १८८५ साली बिशप हॅनिंग्टन यांनी या दोघांना दीक्षा दिली. पुढे रबाईला आश्रयास आलेल्या पळून गेलेल्या गुलामांना जोन्स यांनी मालकांच्या हवाली केले नाही. १८८९ सालच्या आरंभी अशा सुमारे चौदाशे लोकांना मुक्ततेचे कागद मिळाले.

या इतिहासाची दुसरी बाजूही मुलांना सांगावी. ही मुले आईच्या कुशीतून ओरबाडून नेलेली होती. त्यांना नवी नावे दिली गेली. शिकून शिक्षक व उपदेशक झाल्यावरही त्यांना गोऱ्या मिशनऱ्यांच्या मानाने दुय्यम लेखले गेले, आणि त्याचे दुःख त्यांनी बोलून दाखवले. आश्रय मिळाला, शिक्षण मिळाले, पण बरोबरीचा स्वीकार मिळण्यास फार वेळ लागला.

तरीही विचार करा. नाशिकमध्ये कोणीतरी परक्या देशातील, भाषा न समजणाऱ्या, भेदरलेल्या मुलाला ताट वाढून दिले असेल, पाटी धरायला शिकवले असेल. त्या माणसाला ठाऊक नव्हते की, आपण आफ्रिकेच्या एका मंडळीच्या भावी सेवकाला वाढतो आहोत. पौल करिंथकरांना हेच सांगतो. आज तुमच्या विपुलतेने त्यांची गरज भागेल, उद्या त्यांच्या विपुलतेने तुमची भागेल, म्हणजे समानता होईल. घंटेखाली उभे असताना आम्हांला त्या दुसरीतील मुलाने ताटलीत ओढलेली रेघ आठवली.

७. विमानभाड्याचा हिशेब

परतीच्या गाडीत थोरल्या मुलाने वहीत हिशेब मांडला. आपल्या चौघांच्या विमानभाड्यात त्या शाळेतील एका बाईंचा दोन वर्षांहून अधिक पगार निघाला असता. त्याने विचारले, "मग आपण आलो ते बरोबर झालं का?"

या प्रश्नाला आम्ही गोड उत्तर दिले नाही. हिशेब खरा होता. गेलो नसतो तर ती शाळा आम्हांला कळली नसती, हेही खरे होते. पण आमच्या शिक्षणाचा खर्च त्या मुलांच्या नावावर घालणे योग्य नव्हते. घरी येऊन चौघांनी बसून ठरवले की, आम्ही प्रवासावर जेवढे खर्च केले तेवढी रक्कम तीन वर्षांत मेहुण्यांच्या मंडळीमार्फत शिक्षकांच्या पगारासाठी द्यायची. त्याबद्दल मुलांचे फोटो किंवा आभाराची पत्रे मागायची नाहीत. त्यासाठी घरातील एक-दोन बेत पुढे ढकलावे लागले, आणि त्यावरून कुरकुरही झाली. तीही येथे लिहून ठेवतो, कारण आनंदाने देणाऱ्याविषयी बोलणे सोपे असते.

८. आपल्या दाराशी

आता सगळ्यांत अवघड गोष्ट. आमच्या चर्चच्या मागल्या गल्लीत महापालिकेची प्राथमिक शाळा आहे. दर रविवारी तिच्या भिंतीला लागून आम्ही गाड्या उभ्या करतो. इतक्या वर्षांत आम्ही एकदाही तिच्या फाटकातून आत गेलो नव्हतो. समुद्र ओलांडून गरीब मुलांची शाळा पाहायला गेलो, पण ही गल्ली ओलांडली नव्हती.

जुलै २०२३ मध्ये आम्ही आत गेलो. या वेळी हातात पिशवी नव्हती. मुख्याध्यापकांना विचारले, "आम्ही काय करावं?" त्यांना प्रथम खरे वाटले नाही. मग ते म्हणाले की, बांधकामावर आलेल्या मजुरांची मुले तिसरीत आहेत, पण त्यांना अक्षर लागत नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर त्यांच्याजवळ बसणारे कोणी हवे. मंडळीतून आम्ही पाचजण निघालो. दोघांचे दोन महिन्यांत जाणे थांबले. राहिलेले तिघे जात राहिले. फार मोठे काही झालेले नाही. चार मुले आता वाचतात. एकाच्या बापाचे काम संपले व ते कुटुंब दुसऱ्या गावी गेले. तो वाचायला शिकला की नाही, हे आम्हांला कळणार नाही.

शब्बाथशाळेतील त्या लहान मुलाला आम्ही शेवटी उत्तर दिले, "आम्ही फार थोडं दिलं, आणि तेही चुकीच्या रीतीनं. तिथल्या मुलांनी आम्हांला अर्धी ताटली दिली." त्याला ते पटले नसावे. मग त्याने विचारले, "आणि त्यांनी तुम्हांला त्यांच्यात घेतलं का?" आम्ही म्हणालो, "हो, तिसऱ्या दिवसापासून."

शिक्षकांसाठी सूचना

१. पाठाच्या आरंभी मुलांना गोल बसवावे व वर्गातील सर्वांत लहान मुलाला मध्ये बसवावे. त्या दिवशी प्रथम त्याचे बोलणे ऐकावे. मगच मार्क ९ मधील भाग वाचावा.
२. नकाशावर नाशिक, मुंबई, मोंबासा व नैरोबी दाखवावी.
३. नाताळात किंवा शाळा सुरू होताना आपल्या मंडळीतर्फे वाटप होत असेल, तर वाटपापूर्वी त्या वस्तीतील किंवा शाळेतील जबाबदार माणसाला गरज विचारावी. वस्तू त्यांच्या हातून दिल्या जाव्यात.
४. मुलांचे फोटो त्यांच्या व पालकांच्या परवानगीशिवाय काढू नयेत, आणि मंडळीत दाखवू नयेत.

चर्चेसाठी प्रश्न

१. शिष्यांचा वाद आणि मुलाला मध्ये उभे करणे, यांचा परस्पर काय संबंध आहे?
२. कोणी गरिबाने तुम्हांला काही देऊ केले व तुम्ही नाकारले, असा प्रसंग आठवतो का? तेव्हा त्याला काय वाटले असेल?
३. मासेदोनियाच्या मंडळ्यांनी करिंथकरांना काय शिकवले?
४. आपल्या चर्चपासून सर्वांत जवळची गरीब मुलांची शाळा कोणती? तेथील शिक्षकांचे नाव आपल्याला माहीत आहे का?

प्रार्थना

हे प्रभो येशू, तू मुलाला मध्यभागी उभे केलेस, आणि आम्ही त्याला पुन्हा कडेला नेऊन ठेवतो. आम्हांला क्षमा कर. देताना आमचा हात खाली वाकव, आणि घेताना आमचा गर्व मोडून टाक. किबेऱ्यातील त्या शाळेला, तिच्या बाईंना व मुलांना सांभाळ. आमच्या गावातील ज्या फाटकातून आम्ही अजून आत गेलो नाही, ते आम्हांला दाखव. आमेन.